नव्या पात्याला धार

नोटीस, मी वाचली तशी:

ग्राइंडिंग विभागात (म्हणजे आम्ही तिघं, आणि मोठ्या चाकावर मी) उडणारी धातूची धूळ फुफ्फुसांना घातक असल्याचं तपासणीत आढळलं आहे. (एकोणतीस वर्षांनी आढळलं.) त्यामुळे येत्या शुक्रवारपासून या विभागात चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क सक्तीचा आहे. (बरं.) मास्क नीट बसतो की नाही, याची प्रत्येकाची चाचणी शुक्रवारी सकाळी दहाला होईल. (होऊ दे.) मास्कच्या कडेखाली एकही केस असता कामा नये. (

इथे माझा कंस उघडाच राहिला. मी मागे जाऊन परत वाचलं. शब्द तेच होते.

एकही केस असता कामा नये. दाढी असणाऱ्यांनी ती पूर्ण काढावी व रोज कामावर येण्यापूर्वी चेहरा गुळगुळीत करावा. चाचणीत नापास होणाऱ्यांना पॅकिंग विभागात हलवण्यात येईल.

)

आज सोमवार.

*

मी धार लावतो. वर्कशॉपमधले ड्रिल आणि कटर बोथट झाले की माझ्या खिडकीशी येतात आणि संध्याकाळी धारदार होऊन परत जातात. माझी खिडकी, माझं चाक, माझं स्टूल. चाकाला लोखंड टेकलं की नुसत्या आवाजावरून सांगतो, कोन बरोबर आहे की नाही. सगळे मला उस्ताद म्हणतात. काही जण चिडवण्यासाठी म्हणतात, पण म्हणतात.

पॅकिंग म्हणजे खोकी. खोक्यात वस्तू, वस्तूवर कागद, कागदावर चिकटपट्टी. तिथली माणसं चांगली आहेत, माझं काही म्हणणं नाही. पण तिथे माझी एकोणतीस वर्षं मी कुठे ठेवू?

आता दाढी. सतराव्या वर्षी आली ती ठेवली. वाढली की कात्रीनं छाटतो. छातीवर येत नाही, पण गळा झाकते. रेझर आयुष्यात हातात धरलेला नाही. लोखंड कापणारी प्रत्येक धार या हातांखालून गेलीय, केस कापणारी एकही नाही.

आणखी एक गोष्ट, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या टूलरूमचा एक रिवाज आहे. नवीन हत्यार पाकिटातून काढून थेट मशीनला लावायचं नाही. आधी ते माझ्याकडे येतं. मी ते दगडावर घेतो, दोन हात मारतो, मग ते कामाला जातं. ज्या वस्तादांनी मला शिकवलं ते सांगायचे, कंपनीतून येते ती नुसती कड असते, तिची धार आपण करायची. एकोणतीस वर्षांत हा नियम मी एकदाही मोडलेला नाही.

*

"काढायची म्हणजे पूर्ण?" बायकोनं विचारलं.

"पूर्ण."

"मिशी?"

"ती पण. माझी मिशी काय मास्कच्या आत मावणारी आहे का?"

ती भाजी ढवळायची थांबली. "अगंबाई. तुमची हनुवटी मी कधी पाहिलेलीच नाही हो."

"मी तरी कुठे पाहिलीय."

बायको मोठ्या हॉस्पिटलात काम करते, वॉर्डात. अठरा वर्षं झाली. कधी सकाळची पाळी, कधी दुपारची. चादरी, भांडी, पेशंटना इकडून तिकडे नेणं. असं मला वाटत होतं. म्हणजे मी तसा विचारही केला नव्हता. ती वॉर्डात जाते आणि घरी येते.

"न्हाव्याकडे जा की," ती म्हणाली.

"तो नऊला उघडतो, मी सातला गेटवर. आणि रोज? रोज त्याच्यापुढे मान वाकवली तर वर्षाअखेरीस घर त्याच्या नावावर होईल."

"मग सामान आणा घरात. पण चारशेच्या वर जाऊ नका. पंख्याच्या मोटरनं या महिन्याचं सगळं गिळलंय."

"चारशेत बसेल?"

"मला विचाराल तर दीडशेत बसेल. हे बघा, रेझर घेताना—"

"अगं, ही धारेची वस्तू आहे. धारेतलं तू मला सांगणार?"

ती माझ्याकडे बघत राहिली. चमच्यावरून रस्सा शेगडीवर ठिबकला.

"नाही बाई," ती म्हणाली. "मी कोण सांगणारी."

*

दुकान. काचेचं कपाट, खालपासून वरपर्यंत नुसतं दाढीचं सामान. माणसाच्या तोंडासाठी एवढं? आमच्या अख्ख्या टूलरूममध्ये एवढी हत्यारं नाहीत.

दुकानदार: "स्किन कशी आहे?"

मी: "कुणाची?"

"माझी. अहो, तुमचीच. कोरडी, तेलकट, नाजूक?"

"माहीत नाही. झाकलेली आहे."

त्यानं माझी दाढी वरून खाली पाहिली. मग त्यानं एक वस्तू काढली. पाच पाती ओळीनं बसवलेली, दांड्याला रबर. दांडा स्वस्त होता. मी खूश झालो. मग त्यानं त्याच्या पात्यांच्या पाकिटाची किंमत सांगितली, आणि मी काउंटरला धरलं.

"चार तुकड्यांचे एवढे?"

"दीड-दोन महिने जातात, साहेब."

"म्हणजे दांड्यानं गळाला लावायचं आणि पात्यांनी सोलायचं."

"आता धंदा आहे म्हटल्यावर..."

पुढे एक उंच डबा. वर दाबलं की फेस बाहेर येतो. "आत काय असतं?" "फेसच." "हलका लागतोय." "हवा असते ना त्यात." हवेचे दोनशे वीस.

मग ब्रश. एक साडेनऊशेचा होता. मला वाटलं दुकानदारानं शून्य जास्त वाचलं.

"बिज्जूचे केस आहेत साहेब. अस्सल."

"बिज्जू म्हणजे तो जमिनीत बिळं करणारा?"

"तोच."

"त्याचे केस विकत घ्यायचे आणि त्यानं आपले काढायचे?"

"प्लास्टिकचा घ्या," तो म्हणाला. "नव्वद."

आणि मग खालच्या कप्प्यातून त्यानं ती वस्तू काढली. तीन तुकडे. दांडा, खालची पट्टी, वरची टोपी. मधे एक पातं, आणि सगळं एका आट्यानं आवळायचं. मी तिथेच उघडून पाहिलं, परत लावून पाहिलं. आटा लोण्यासारखा फिरत होता. एकशे ऐंशी.

"पाती?"

"पाच वीसला."

"पाच पाती वीस?"

"दोन्ही बाजूंनी चालतात."

म्हणजे दहा धारा. एका धारेचे दोन. एक ड्रिल नीट धारेला आणायला मला वीस मिनिटं लागतात. दोन-दोनला धार विकणारा माणूस कोण हे?

"कोण लावतं ही धार?"

"मशीन लावतं."

"वरून हात नाही फिरवत कुणी?"

"कशाला फिरवतील?"

मला त्याची दया आली. बिचारा दुकानदार, त्याला काय माहीत. साठची क्रीमची ट्यूब घेतली, तीसची तुरटीची वडी घेतली. तीनशे ऐंशी झाले.

"नंतर लावायचं लोशन?"

"ते कशाला?"

"जळजळ होते ना."

"धार चांगली असली की जळजळ होत नाही," मी म्हणालो, आणि पिशवी उचलली.

*

मंगळवार संध्याकाळ. बायकोची दुपारची पाळी, घरात मी एकटा. आधी कात्रीनं दाढी जमेल तेवढी कापली. बेसिनमध्ये जे पडलं ते पाहून वाटलं, कुणाचं तरी मांजर मेलंय.

मग पाकिटातून पातं काढलं. कागदाहून पातळ. लाकडाच्या पट्टीवर चिकटवलं, कारण नुसतं धरलं तर वाकतं. सगळ्यात बारीक दगड काढला, दोन थेंब तेल. एका बाजूला चाळीस हात, दुसऱ्या बाजूला चाळीस. हलक्या हातानं, जीव लावून. अशी धार मी कुठल्या कटरला लावली नसेल.

डावा गाल

फेस छान झाला होता. कानाजवळून सुरुवात केली. पहिला हात खाली ओढला आणि

नाही, आधी आवाजाचं सांगतो. मला आवाज कळतात. कापण्याचा आवाज एकसारखा असतो. हा तसा नव्हता. जुनी चादर टरकावताना येतो तसा होता. मला वाटलं केस जाड आहेत. म्हणून दुसरा हात जरा दाबून ओढला आणि

फेस गुलाबी झाला. मी आरशाकडे बघत होतो आणि आरशातला माणूस गुलाबी फेस लावून उभा होता. मला वाटलं, क्रीमचा रंग असेल. इतका वेळ मला खरंच वाटलं की क्रीमचा रंग असेल. मग तो गुलाबीचा लाल झाला आणि

तुरटी. दुकानदार म्हणाला होता रक्त आलं तर तुरटी. तुरटी ओली करून गालावर घासली आणि

(इथे जो आवाज झाला तो शेजारच्यांनीही ऐकला. त्यांनी भिंतीवर ठोकून विचारलं, "काय झालं हो?" मी म्हणालो, "काही नाही, दाढी.")

धार चांगली असली की जळत नाही. हे मीच म्हणालो होतो. मग हे काय होतं? उजव्या गालाला हात लावायची हिंमत झाली नाही. अर्धी दाढी तशीच ठेवली, डाव्या गालावर कागदाचे तुकडे चिकटवले. बायको आली तेव्हा भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेतलं.

*

बुधवारी ती उठायच्या आत कामावर गेलो. डावीकडे कागदाचे तुकडे, उजवीकडे दाढी.

लेथवर एक काडीसारखा माणूस आहे, त्याला आम्ही पैलवान म्हणतो. त्यानं मला पाहिलं आणि मशीन बंद केलं. लेथ बंद करून कुणी बघायला यावं, एवढी माझी किंमत कधीच नव्हती.

"उस्ताद! अर्ध्या पगारावर आलास काय?"

"गप रे."

"वहिनींनी ओरबाडलं की मांजरीनं?"

"स्वतः केली."

"स्वतः?" त्यानं गोल फिरून मला दोन्ही बाजूंनी पाहिलं. "अरे, तू जगाला धार लावतोस आणि तुझ्या गालावर नांगर कुणी फिरवला?"

फोरमनही येऊन गेला. "शुक्रवारी असाच आलास तर त्या सेफ्टीवाल्या मॅडम मास्क नाही बसवणार, टाके घालतील." हसला, मग हसू आवरून हळूच म्हणाला, "पास हो बाबा. तू पॅकिंगला गेलास तर त्या चाकावर मी कुणाला बसवू?"

जेवणाच्या सुट्टीत मी तपासणीच्या खोलीत गेलो. तिथे कटरची कड बघायचा मायक्रोस्कोप आहे. माझं पातं मी खिशात घेऊनच आलो होतो. पाकिटातलं दुसरं, न उघडलेलंही आणलं होतं. मला बघायचं होतं, क्रीम खराब आहे, की रेझर, की माझं तोंड.

आधी माझं ठेवलं.

कुंपणाच्या भिंतीवर बाटल्या फोडून काचा लावतात, तसं दिसत होतं. खाच, दात, मधे एक सपाट, परत खाच. मी फोकस फिरवला. मला वाटलं फोकस चुकलाय. फोकस चुकला नव्हता.

मग नवं ठेवलं.

काहीच दिसलं नाही.

सगळ्यात मोठं भिंग लावलं. लोखंड दिसत होतं, त्यावर धारेकडे जाणारा उतार दिसत होता, उतारावर एक फिकट चमक, पातळ कसलातरी थर. आणि मग लोखंड संपत होतं. कड नव्हतीच. जिथं लोखंड संपलं तिथं हवा सुरू. मी डोळा काढला, चोळला, परत लावला. माझ्या पात्यावर तो चमकणारा थर नव्हता. चाळीस आणि चाळीस हातांत मी तो खरवडून टाकला होता.

पैलवान मागे येऊन उभा होता.

"काय दिसलं?"

"काही नाही."

"मग तोंड असं का?"

"काही दिसलं नाही म्हणूनच."

त्यानंही डोळा लावला. फोकस पुढे-मागे फिरवून पाहिला.

"दोनला एक," मी म्हणालो. "हे लोक दोनला एक विकतात. चार दिवस वापरून माणसं कचऱ्यात टाकतात. आणि मी त्याला

मी एकोणतीस वर्षं

पैलवान, मला अशी धार येत नाही रे. मेलो तरी येणार नाही."

पैलवान खुर्चीवर बसला. त्याला समजूत घालायची सवय नाही. "बरं मग," तो म्हणाला, "त्या पात्यानं लोखंडाला एक भोक पाडून दाखव म्हणावं."

मला हसू आलं, आणि हसल्यावर डावा गाल परत फुटला.

*

बुधवारी संध्याकाळी दार बायकोनं उघडलं. तिची सुट्टी होती.

ती ओरडली नाही. दोन्ही हातांनी माझं तोंड धरून दिव्याकडे वळवलं. माझ्या बायकोनं मला असं कधी धरलेलं नाही. लग्नानंतर कधीतरी मायेनं धरलं असेल, पण हे तसं नव्हतं. भाजी निवडताना उलटीपालटी करून बघतात, तसं होतं.

"हे कुणी केलं?"

"मीच."

"कशानं? खिसणीनं?"

"रेझरनं."

"नवं पातं?"

"नवंच."

"मग असं कसं होईल? गंजलेलं होतं का?"

"गंज कसला. उलट मी त्याला चांगली धार..." आणि मी थांबलो.

"कशाला धार?"

माझा हात खिशातल्या पात्याकडे गेला.

"अहो, नव्या पात्याला?"

ती मटकन खाली बसली. आधी मला वाटलं रडतेय. मग तिचे खांदे हलायला लागले, आणि ती इतकी हसली की पदरानं डोळे पुसावे लागले. मी उभा. हसू ओसरल्यावर ती उठली, मोरीत गेली, कोपरापर्यंत हात धुतले, आणि माझ्या गालावरचे कागदाचे तुकडे एकेक भिजवून काढायला लागली. काढलेलं कळतही नव्हतं.

"आमच्याकडे एका पेशंटला एक पातं," ती म्हणाली. "नवं फोडायचं, वापरायचं, टाकायचं. कडेला बोट लागलं तरी सिस्टर ओरडतात."

"तुमच्याकडे पाती कशाला?"

तिचा हात थांबला.

"मग मी तिथे काय करते, असं वाटतं तुम्हाला?"

हा प्रश्न आमच्या घरात अठरा वर्षांत पहिल्यांदा आला होता. त्याचं उत्तर माझ्याकडे असायला हवं होतं. मी शोधलं. चादरी, म्हणालो. भांडी, म्हणालो. आणि पुढे काहीच नव्हतं, मघाशी मायक्रोस्कोपखाली होतं तसंच.

"ऑपरेशनच्या आधी पेशंटचे केस काढायचे असतात," ती म्हणाली. "पोटाचे, छातीचे, मांडीचे. डोक्याचं ऑपरेशन असलं तर डोक्याचे. आमच्या वॉर्डात ते मी करते. चादरी आहेतच वर."

"रोज?"

"आठ. कधी दहा."

आठ. आठवड्याचे सहा दिवस. वर्षं अठरा. मी आकडा करत गेलो आणि चाळीस हजारांच्या पुढे गेल्यावर सोडून दिला. चाळीस हजार माणसांच्या कातड्यावरून या बाईनं पातं फिरवलंय. त्यात म्हातारे आले, घाबरलेले आले, थरथरणारे आले, शुद्धीवर नसलेले आले. आणि मी पाहुण्यांना खिडकीशी नेऊन माझं चाक दाखवतो.

"तू सांगितलं नाहीस कधी."

"सोमवारी सांगत होते," ती म्हणाली. एवढंच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

*

डाव्या गालाला शुक्रवार सकाळपर्यंत हात लावायचा नाही, असं तिनं ठरवलं. उजवा तिनं घेतला. मी स्टुलावर, मान मागे.

"काका, मान अजून वर."

"काका?"

"सवय हो. गप्प बसा, तोंड हलतंय."

गरम पाण्याचा टॉवेल पाच मिनिटं. त्याशिवाय ब्रशला हातही लावला नाही तिनं. क्रीम मटारच्या दाण्याएवढं. मी मंगळवारी अर्धी ट्यूब संपवली होती. रेझर तिनं दांड्याच्या अगदी शेवटी, दोन बोटांत धरला होता. दाबतच नव्हती. नुसता खाली घसरू देत होती. आवाज ऐकला मी. एकसारखा.

"तुम्ही धारेकडे बघत बसलात," ती म्हणाली. "धार तिचं काम करते. तिला राहू दे. आपण कातडी बघायची. बोट फिरवा इथं. केस खाली जातात ना? आणि हे गळ्यावर बघा, आडवे चाललेत. ज्याचे जिकडे जातात तिकडंच जायचं."

"दुखलं तर कळतं का तुला?"

"हातानं कळतं. विचारून नाही कळत. पेशंटला विचारलं की सगळे म्हणतात, नाही, नाही. पुरुष तर हटकून. आणि जिथं नाही म्हणतात तिथंच कापलं जातं. मी नवीन असताना विचारायची. आता नाही विचारत."

उजवा गाल झाला, मिशी झाली, हनुवटी झाली. तिनं टॉवेलनं पुसलं, दोन पावलं मागे गेली. हात तोंडावर.

"काय?"

"काही नाही."

"अगं काय?"

"लहान आहे हो," ती म्हणाली.

"काय लहान?"

"तोंड."

मी आरशात पाहिलं. दाढीच्या आत एक रुंद जबडा आहे, असं मी तीस वर्षं धरून चाललो होतो. माझ्या बोलण्यात, चालण्यात तो जबडा होता. आरशात एक छोटी, मागे गेलेली हनुवटी होती. तिच्याकडे बघून कुणी उस्ताद म्हणून हाक मारेल असं वाटत नव्हतं. आम्ही दोघं तिच्याकडे, नवीन पाहुणं घरात आलं की बघतात तसे बघत राहिलो.

गुरुवारी तिनं मला रेझरला पातं न लावता शिकवलं. नुसता फेस ओढायचा. पाच वेळा, दहा वेळा. "दाबलंत." "नाही दाबलं." "दाबलंत, फेस दोन्ही बाजूंनी वर आला बघा." शुक्रवारी तिची सकाळची पाळी होती. साडेपाचला ती गेली आणि आरशासमोर मी एकटा उरलो. पातं पाकिटातून काढलं. हाताला सवयीनं दगड आठवला. हात खाली घेतला.

दोन ठिकाणी थोडं कापलं. बाकी गुळगुळीत.

*

चाचणीचा कागद

विभाग: ग्राइंडिंग.

दाढी: नाही. (हा शब्द लिहायला मला वेळ लागला.)

कापूस: सेफ्टीवाल्या मॅडमनी कापसाचा पुंजका माझ्या जबड्यावरून कानापर्यंत फिरवला. तंतू अडकला तर नापास. गळ्यावर फिरवला, मिशीच्या जागी फिरवला. एक तंतूही अडकला नाही. "छान," त्या म्हणाल्या. "आता रोज सकाळी गेटवर असा कापूस फिरवला जाईल." मी पास.

मास्कचा आकार: मध्यम. "आमच्याकडे मध्यम आणि मोठे आलेत," मॅडम म्हणाल्या. "लहान मागवावे लागतात, तीन आठवडे जातात. हा सैल वाटतोय का?"

"नाही," मी म्हणालो. लगेच म्हणालो. प्रश्न संपायच्या आत.

चाचणी: डोक्यावर पारदर्शक पिशवीसारखी टोपी. तिच्या भोकातून त्या कडू पाण्याचा बारीक फवारा मारणार. मी समोर धरलेल्या कागदावरचा मजकूर मोठ्यानं वाचायचा. मास्क नीट बसला असेल तर काही लागणार नाही. कडू लागलं तर हात वर करायचा. धुळीचंही असंच, त्या म्हणाल्या, फवारा शिरतो तिथून धूळ शिरते.

काचेपलीकडे फोरमन. त्यानं मला अंगठा दाखवला. माझ्या विभागातले दोघं पास होऊन त्याच्या शेजारी उभे.

मी वाचायला लागलो. मजकुरात कुठल्यातरी बागेचं वर्णन होतं. झाडं होती, पाण्याचा हौद होता, हौदावर पक्षी. तिसऱ्या ओळीपर्यंत काही नाही. चौथ्या ओळीत मान डावीकडे वळवायची होती. वळवली. हनुवटीच्या खालून, डावीकडून, काहीतरी थंड आत आलं आणि जिभेच्या टोकावर बसलं.

कडू.

मी वाचत राहिलो. पक्ष्यांचे रंग. फार कडू नव्हतं. औषधाची गोळी तोंडात विरघळते तेवढं. हे फक्त मला माहीत होतं. मॅडमना माहीत नव्हतं, फोरमनला नव्हतं, कागदाला नव्हतं. सहा ओळी उरल्या होत्या. सहा ओळींपलीकडे माझी खिडकी होती, माझं चाक होतं. पाच ओळी. सैल वाटतोय का, विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो होतो. नाही, नाही. सगळे म्हणतात. चार ओळी. पुरुष तर हटकून

माझा हात वर गेला.

मी वर केला असं म्हणणार नाही. तो वर गेलेला मला पिशवीतून दिसला. माझाच हात, नखांत तेल, आणि तो वर होता. फोरमनचा अंगठा अजून खाली आला नव्हता.

"कडू?" मॅडमनी विचारलं.

"हो."

"कुठून?"

"डावीकडून. खालून."

त्यांनी टोपी काढली, एक पट्टी आणली, माझ्या नाकाच्या वरपासून हनुवटीपर्यंत मोजलं. मग परत मोजलं.

"तुमचं माप लहान आहे," त्या म्हणाल्या. "मला आधी मोजायला हवं होतं. दाढी होती म्हणून सगळ्यांनी मध्यम धरलं." त्यांनी कागदावर काहीतरी खोडलं आणि लिहिलं: लहान मागवणे. तोपर्यंत पॅकिंग.

फोरमन दारातून आत आला. "अरे गाढवा, चार ओळी! चार ओळी राहिल्या होत्या!"

"कडू होतं."

"मग गिळायचं ना!"

*

सोमवारपासून मी पॅकिंगला आहे. खोक्यात वस्तू, वस्तूवर कागद, कागदावर चिकटपट्टी. माझ्या चाकावर विभागातला दुसरा माणूस बसलाय. दोन भिंती आड आहेत, तरी आवाज येतो. तो दाबतो. चाक रडतं. पहिल्या दिवशी मी उठून सांगायला निघालो होतो. पैलवान आडवा आला. "मास्क आहे का तुझ्याकडे? नाही ना, मग बस."

शुक्रवारी घरी आल्यावर बायकोनं सगळं ऐकून घेतलं होतं. सगळं, ओळी मोजत. मग तिनं एकच विचारलं.

"किती कडू होतं? कळण्याइतकं, की सहन न होण्याइतकं?"

"कळण्याइतकं."

तिनं माझी हनुवटी दोन बोटांत धरून उजेडाकडे वळवली आणि डावीकडचा गाल पाहिला. भरून येतोय म्हणाली.

पॅकिंगमध्ये मास्क लागत नाही, कापूस फिरत नाही. मी तरी रोज साडेपाचला उठून करतो. गरम टॉवेल, मटाराएवढं क्रीम, पातं पाकिटातून थेट. गळ्यावरचे आडवे केस अजून जमत नाहीत; रोज तिथे एक पट्टा राहतो आणि रोज बायको जाताजाता बोट ठेवून दाखवते. लहान मास्क यायला सोळा दिवस आहेत. गळ्याला तेवढे लागतीलच.